उपकरण कोणासाठी? गिरगावातील संगणकपूजा आणि मीमांसेचा शेषविचार

दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिच्यापुढे वह्यापुस्तके मांडण्याची रीत महाराष्ट्रातील घरांत जुनी आहे, आणि गेल्या दोन-तीन दशकांत गिरगावच्या चाळींतील खोल्यांमधून या मांडणीत संगणकाचीही भर पडली आहे. तो पाटावर मावत नसल्यामुळे त्याची पूजा जागच्या जागीच उरकली जाते: पडद्याच्या कडेला झेंडूची माळ, कीबोर्डवर आपट्याचे पान आणि कॅबिनेटवर हळदकुंकवाचे बोट, तेही पंख्याची जाळी चुकवून, कारण कुंकू आत गेले तर काय होते हे घरातल्या अकरावीतल्या मुलाला किंवा मुलीला ठाऊक असते. माहिती तंत्रज्ञान हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याने पुष्कळदा तो संगणक स्वतःच जोडलेला असतो आणि त्यातला कोणता भाग कोणत्या दुकानातून किती घासाघीस करून आणला हेही त्याला सांगता येते. जिचे पोट उघडून पाहिले आहे, जिच्यात गूढ असे काही उरलेले नाही, अशा वस्तूची पूजा होते तेव्हा पूज्य नेमके काय असते, हा प्रश्न श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांच्या नेहमीच्या वादात ढकलून दिला की त्यातला तात्त्विक भाग हातातून निसटतो. म्हणून तो येथे भारतीय दर्शनांच्या परिभाषेतच तपासून पाहणे इष्ट आहे.

धर्मशास्त्राकडे प्रथम पाहिले तर अडचण वाढते. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये रचलेल्या धर्मसिंधूसारख्या निबंधग्रंथांत, म्हणजे विखुरलेली वचने एकत्र करून निर्णय देणाऱ्या ग्रंथांत, आश्विनातील सरस्वतीपूजनाचा क्रम नक्षत्रांवर बांधलेला आढळतो: मूळ नक्षत्रावर आवाहन, पूर्वाषाढेवर पूजन, श्रवणावर विसर्जन. पुस्तके स्थापन केलेली असताना विद्येची इच्छा धरणाऱ्याने अध्ययन, अध्यापन वा लेखन करू नये, असा निर्बंधही परंपरेत आहे. याचा अर्थ असा की त्या काळापुरते पुस्तक हे साधन राहत नाही. ते देवतेचे अधिष्ठान होते आणि अधिष्ठानाचा वापर करता येत नाही. उलट खंडेनवमीला होणाऱ्या शस्त्रपूजेत आणि कारागिरांच्या हत्यारपूजेत शस्त्र पूजिले जाते ते पुढे वापरायचे म्हणूनच, आणि दुसऱ्या दिवशीचे सीमोल्लंघन त्याची साक्ष देते. संगणक या दोन्ही प्रकारांत अर्धा अर्धा बसतो. सकाळी त्याला माळ घालून बंद ठेवायचे आणि दुपारी वर्गाचा स्वाध्याय पाठवायची मुदत संपत आली म्हणून माळ हळूच बाजूला सारून तो सुरू करायचा, ही घरोघरची तडजोड आळसातून आलेली नाही. ती दोन भिन्न विचारांच्या सरमिसळीतून आली आहे, आणि त्यांतला कोणता विचार या वस्तूला लागू पडतो हे ठरवायचे तर ती वस्तू मुळात काय आहे, हे आधी पाहावे लागते.

ऑपेरा हाउसपासून ग्रँट रोड स्टेशनाच्या दिशेने जाणारा लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा गिरगावकरांचा विजेच्या आणि संगणकाच्या सुट्या भागांचा हक्काचा बाजार. तेथून आणलेली खोकी जमिनीवर सतरंजी पसरून उघडली जातात. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून विद्यार्थी आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावतो, मदरबोर्डवर प्रोसेसर ठेवतो, त्यावर मुगाच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट सोडून पंखा आवळतो, रॅमची पट्टी दोन्ही बाजूंचे खटके बसेपर्यंत दाबतो आणि एसएमपीएसच्या, म्हणजे घरच्या विजेचे यंत्राला सोसेल अशा कमी दाबाच्या विजेत रूपांतर करणाऱ्या डब्याच्या, वायरी ज्याच्या त्याच्या जागी खोचतो. बटण दाबल्यावर पडद्यावर अक्षरे उमटतात, आणि जमिनीवरच्या सात-आठ वस्तूंचा उल्लेख घरातील माणसे त्या क्षणापासून एकवचनात करू लागतात. हे एकवचन कशाच्या आधारावर उभे आहे?

न्यायदर्शनाचे उत्तर असे की अवयव एकत्र आले की त्यांच्याहून वेगळा, नवा असा अवयवी उत्पन्न होतो. धाग्यांपासून होणारे कापड हे नुसते धागे नसते, ते धाग्यांत समवाय या अतूट संबंधाने राहणारे स्वतंत्र द्रव्य असते. याची एक खूण न्यायसूत्रांत दिली आहे ती धारण आणि आकर्षण यांची: एक भाग धरला वा ओढला की सबंध वस्तू धरली जाते, ओढली जाते. टेबलावरचा संगणक या कसोटीला उतरत नाही, कारण मॉनिटर ओढला तर कॅबिनेट मागून येत नाही, केबल तेवढी निसटून हातात येते. शिवाय न्यायाशी जोडलेल्या वैशेषिक दर्शनाच्या मते भिन्न जातींच्या अवयवांपासून एक द्रव्य उत्पन्न होऊ शकत नाही, आणि सोने हे तर पार्थिव नसून तैजस, म्हणजे तेज या महाभूताचे द्रव्य आहे. रॅमच्या पट्टीच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेले संपर्कबिंदू असतात, तेव्हा कठोर नैयायिक ती एवढीशी पट्टीसुद्धा एक अवयवी म्हणून मान्य करताना अडखळेल. (सोन्याला तैजस ठरवण्यासाठी या पंडितांनी जो खटाटोप केला आहे तो वाचताना त्यांच्या चिकाटीचे कौतुक वाटते, पटत मात्र नाही.) बौद्धांची वाट याच्या उलट दिशेने जाते. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला दाखवून देतो की दांडी, आस, चाके यांपैकी काहीच रथ नाही आणि त्यांच्यापलीकडेही रथ नाही. ‘रथ’ ही केवळ प्रज्ञप्ती, व्यवहारासाठी ठेवलेले नाव. हे संगणकाला चपखल लागू पडते खरे, पण ते जगातील हरेक वस्तूला तितकेच चपखल लागू पडत असल्यामुळे जमिनीवरची खोकी आणि जोडून झालेला संगणक यांच्यात पडलेला फरक त्याने उलगडत नाही.

तो उलगडतो पूर्वमीमांसेत, जी वस्तू कशाची बनली यापेक्षा ती कशासाठी आहे हे आधी विचारते. या दर्शनाचा आणि गिरगावाचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिणारे आणि १९६३ मध्ये भारतरत्न मिळालेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे गिरगावातल्याच आंग्रेवाडीत राहत असत. १९३० मध्ये पहिला खंड निघालेल्या आणि १९६२ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या ग्रंथात श्रौतयज्ञांची तपशीलवार वर्णने, व्रतोत्सवांचा इतिहास आणि मीमांसेच्या अर्थनिर्णयपद्धतीची चर्चा हे तिन्ही विषय आले आहेत. या दर्शनाचा सूत्रकार जैमिनी याने वाक्याचे लक्षण सांगताना दोन अटी घातल्या: शब्दसमूहाचे प्रयोजन एक असावे, आणि तो तोडला तर तुकडे साकांक्ष, म्हणजे पुढच्याची अपेक्षा धरून अडून राहिलेले, असावेत. हे लक्षण वाक्यासाठी केलेले असले तरी जोडलेल्या यंत्राला ते आश्चर्यकारकपणे बसते. प्रोसेसरवाचून मदरबोर्ड साकांक्ष आहे, विजेवाचून दोन्ही साकांक्ष आहेत, आणि सगळे जोडूनही पडद्यावर ‘चालू करण्याजोगी प्रणाली सापडत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटते तेव्हा यंत्र स्वतःच आपली आकांक्षा बोलून दाखवत असते. त्याचे एकत्व द्रव्याचे नाही, नुसत्या नावाचेही नाही. ते प्रयोजनाचे आहे.

प्रयोजनाच्या या संबंधाला मीमांसक शेषशेषिभाव म्हणतात. जे दुसऱ्यासाठी असते ते शेष आणि ज्याच्यासाठी असते तो शेषी. स्फ्य ही लाकडी तलवार, कपाले म्हणजे मातीची खापरे, सूप, उखळ, मुसळ, पाटा, वरवंटा अशा दहा वस्तूंना तैत्तिरीय संहितेत यज्ञायुधे म्हटले आहे. त्यांपैकी निम्म्याअधिक वस्तू कोणत्याही स्वयंपाकघरात शोभाव्यात अशा आहेत, आणि त्यांचे यज्ञियत्व त्यांच्या घडणीत नसून विनियोगात, म्हणजे अमुक कर्मात अमुक कामी त्यांच्या योजनेत आहे. प्रश्न एवढाच उरतो की ही साखळी कोठे थांबते. द्रव्य, गुण आणि संस्कार एवढेच शेष असतात, असे बादरी हा आचार्य म्हणतो. जैमिनी पुढे जातो: कर्मही शेष आहे, कारण ते फळासाठी असते, फळही शेष आहे, कारण ते पुरुषासाठी असते. येथे थांबला असता तर जैमिनी आजच्या कोणत्याही जाहिरातदाराला मान्य झाला असता. परंतु तो आणखी एक पाऊल टाकून म्हणतो की पुरुषही शेष आहे, कारण तो कर्मासाठी असतो, आणि भाष्यकार शबर त्याचे उदाहरण देतो औदुंबरीचे: सोमयागाच्या मंडपात उंबराचा जो खांब रोवतात त्याची उंची यजमानाच्या उंचीइतकी असावी लागते, आणि त्या क्षणी यजमान हा कर्माचा स्वामी असूनही मोजपट्टीचे काम करतो.

चाळीतल्या खोलीत संगणक मांडताना नेमके हेच घडते. दहा बाय बाराच्या खोलीत पलंग, कपाट आणि देव्हारा यांतून उरलेल्या जागेत भिंतीला घडीचे टेबल ठोकायचे, तर ते विद्यार्थ्याच्या कोपराच्या उंचीवर ठोकावे लागते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यावी म्हणून मॉनिटरखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा सरकवला जातो आणि गठ्ठ्याची जाडी मुलाला खुर्चीत ताठ बसवूनच ठरते. ज्याच्यासाठी सारी मांडामांड चालली आहे तोच तिचे माप होऊन बसतो. यंत्र माणसाला आपले साधन करून टाकील, ही आजची भीती या दृष्टीने पाहिली तर तिची मांडणीच बदलते. माणूस साधन होतो यात जैमिनीला काही हीन वाटत नाही. अध्ययन करणारा अध्ययनाचा शेष होतोच, मान आणि मनगट झिजवून होतो. मात्र त्या साखळीत द्रव्याला अखेरचा शेषी होण्याचा अधिकार कोठेही दिलेला नाही. भात कांडण्यापूर्वी त्यावर पाणी शिंपडण्याची क्रिया भातासाठी असते, पण भात पुढे पुरोडाशासाठी, म्हणजे आहुतीच्या भाकरीसाठी, आणि पुरोडाश यागासाठी असतो म्हणूनच; जे द्रव्य पूर्वी उपयोगी पडले किंवा पुढे पडणार आहे तेवढेच संस्काराला पात्र, असा मीमांसकांचा दंडक आहे. विद्यार्थी रात्रभर यंत्राला नवे रंगीत दिवे, नवे पंखे लावत बसला आणि प्रोग्राम लिहायला कधी बसलाच नाही, तर तो यंत्राचा शेष झाला; आणि तो प्रोग्राम यंत्रानेच लिहून दिला व विद्यार्थ्याने तो पुढे धाडला, तर फळ दिसते, परंतु ज्या कर्माने विद्यार्थ्यावर संस्कार व्हायचा ते कर्मच झालेले नसते. या दोन दोषांपैकी दुसरा अधिक गंभीर मानला पाहिजे, कारण पहिल्यात निदान जोडण्याची विद्या तरी पदरी पडते.

मग दसऱ्याच्या माळेचे काय? दृष्ट, म्हणजे डोळ्यांना दिसणारे, फळ सापडत असेल तर अदृष्टाची कल्पना करू नये, हा मीमांसेचाच नियम आहे, आणि तो लावला तर पूजेच्या आदल्या दिवशीची साफसफाई सहज सुटते: रस्त्याकडे तोंड असलेल्या खोलीत वर्षभराची धूळ पंख्यावर बसून यंत्र तापते आणि मंदावते, ती मऊ ब्रशने काढली की ते पुन्हा सुरळीत चालते. माळेला असे दृष्ट फळ नाही. तिला अदृष्ट फळ मानावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण मीमांसेच्या देवताधिकरणात, म्हणजे देवतेचे स्थान ठरवणाऱ्या प्रकरणात, खुद्द देवतासुद्धा कर्माचे अंगच ठरवली आहे हे ध्यानात घेतले, तर पूजेपुरता संगणक सरस्वतीचे अधिष्ठान मानूनही दुपारी तो सुरू करण्यात मीमांसकाला विसंगती दिसू नये. धर्मसिंधूला दिसेल, आणि त्या दोघांची समजूत घालण्याचा प्रयत्न न करणेच बरे.

वापरून संपलेल्या वस्तूचा विचार मात्र आधुनिक चर्चेपेक्षा मीमांसेत अधिक नेटका झाला आहे. सोमयागात दीक्षित यजमान अंग खाजवण्यासाठी काळविटाचे शिंग वापरतो आणि दक्षिणा दिल्यानंतर ते चात्वाल नावाच्या खड्ड्यात टाकतो. हे टाकणे नवे फळ देणारे अर्थकर्म नाही. ती प्रतिपत्ती आहे, म्हणजे काम झालेल्या द्रव्याची विहित ठिकाणी केलेली बोळवण. अग्निहोत्री मरण पावला की त्याची यज्ञपात्रे त्याच्या देहावर ठेवून, जुहू ही आहुतीची पळी उजव्या हातात देऊन, त्याच्याबरोबर जाळतात, तीही मीमांसकांच्या मते पात्रांची प्रतिपत्तीच. चाळीतल्या पोटमाळ्यावर पडलेल्या जुन्या, फुगीर काचेच्या मॉनिटरला चात्वाल नेमून दिलेला नाही. त्या काचेत शिसे असते, आणि भंगारवाला तांब्यासाठी तो फोडतो तेव्हा ते कोठे जाते याची कोणी चौकशी करत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी मुख्यतः उत्पादकांवर आणि नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांवर टाकली आहे, म्हणजे मीमांसेच्या भाषेत ती ऋत्विजांकडे, यज्ञ चालवणाऱ्या पुरोहितांकडे, सोपवली आहे. परंतु ऋत्विज दक्षिणेने नेमलेले असतात; कर्म त्यांच्या हातून झाले तरी त्याचे स्वामित्व, फळ ज्याचे त्या यजमानाकडेच राहते, आणि म्हणून तो मॉनिटर माळ्यावरून उतरवून संकलन केंद्रापर्यंत नेण्याचे काम, जिना कितीही अरुंद असला तरी, त्याच्यावर शिकलेल्या विद्यार्थ्याकडेच येते.