पहिलीचा वर्ग कोणाला?

जूनमध्ये शाळा उघडतात आणि शिक्षकांच्या खोलीत वर्गवाटप होते. दहावीचा वर्ग मागून घेतला जातो, पहिलीचा वर्ग वाट्याला येतो. जो नवा असतो, ज्याचे मुख्याध्यापकांशी फारसे जमत नाही किंवा जो तोंड उघडून नाही म्हणू शकत नाही, त्याच्याकडे पहिली जाते. हे आमच्या उर्दू शाळांतच होते असे नाही. मराठी शाळांतले मित्रही हेच सांगतात. ज्या मुलाला अजून काहीच येत नाही त्याला काय कोणीही शिकवील, अशी एक समजूत यामागे असते. ती कोणी बोलून दाखवत नाही, पण वर्गवाटपाच्या कागदावर ती स्पष्ट वाचता येते.

ही समजूत पदव्यांच्या शिडीतून आली आहे. सिरसाळा, परळी, माजलगाव या आमच्या पट्ट्यात बारावी झालेल्या पोरापुढे दोन वाटा असत. एक डी.एड., म्हणजे प्राथमिक, दुसरी बी.ए., बी.एस्सी. करून बी.एड., म्हणजे हायस्कूल. 2000 नंतरच्या दहा वर्षांत डी.एड. कॉलेजे गावोगाव निघाली. मुलीला डी.एड. करू, नोकरीही लागेल आणि स्थळही चांगले येईल, असा सरळ हिशेब घराघरांत होता. बी.एड. झालेला मात्र एक पायरी वरचा. मोहल्ल्यात त्याला सलामही जरा लांबून येत असे! आम्ही बी.एड. झालेल्यांतले. त्यामुळे या शिडीचा मान काय असतो ते आम्हाला माहीत आहे.

या शिडीला धक्का बसला तो कोर्टातून. बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीवर नेमता येईल, नेमणुकीनंतर त्यांनी सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम करावा, अशी अधिसूचना राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने जून 2018 मध्ये काढली होती. राजस्थान उच्च न्यायालयाने 2021 मध्ये ती रद्द ठरवली, आणि 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. बी.एड.चा अभ्यास प्राथमिक वर्गातल्या बालकांसाठी तयार केलेला नाही, त्यांना शिकवण्याची पात्रता डी.एड.चीच, आणि चांगले प्राथमिक शिक्षण हा बालकाचा मूलभूत हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय. आधी रीतसर नेमले गेलेल्यांना पुढे 2024 मध्ये संरक्षण मिळाले, पण नव्याने येणाऱ्यांसाठी ते दार बंद झाले.

निकालानंतर आमच्यातल्या बेकार मित्रांचा राग समजण्यासारखा होता. एम.ए., बी.एड. माणूस पहिलीच्या पोराला 'अलिफ, बे' शिकवू शकत नाही? वरची पदवी असून खालच्या वर्गाला अपात्र? पाच-सात वर्षे पुस्तकांत आणि फीमध्ये घातलेल्या माणसाचा हा सवाल आहे, त्याला हसून उडवता येत नाही. तरीही आमच्यासारख्यांच्या पोटावर आलेला हा निकाल आम्हाला न्यायाचा वाटतो. त्याचे कारण कायद्याच्या पुस्तकापेक्षा पहिलीच्या वर्गात जास्त स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रातल्या उर्दू शाळेत सहा वर्षांचे मूल येते तेव्हा त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते ते पाहा. घरात ते दखनी बोलते. 'मेरे कू' म्हणते, 'नक्को' म्हणते. पुस्तकातली उर्दू त्याच्यासाठी निम्मी परकी. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहायची. इंग्रजी 2000 सालापासून पहिलीतच आली, ती डावीकडून उजवीकडे. 2020 च्या कायद्याने मराठीही सर्व माध्यमांत सक्तीची झाली आणि पहिलीपासून आली. तिची शिरोरेषा, काना, मात्रा हा वेगळाच संसार. तीन लिप्या, दोन दिशा, आणि वय वर्षे सहा.

त्यातही उर्दू अक्षराचे रूप स्थिर नसते. 'बे' एकटा असला की एक, शब्दाच्या आरंभी दुसरे, मध्ये तिसरे. 'अलिफ', 'दाल', 'रे', 'वाव' पुढच्या अक्षराचा हात धरतच नाहीत. 'स'सारख्या एका उच्चाराला 'से', 'सीन', 'स्वाद' अशी तीन अक्षरे. 'झ'ला 'झाल', 'झे', 'झ्वाद', 'झोय' अशी चार. मूल कानाने ऐकून लिहिते आणि आपण लाल पेनाने चूक म्हणतो. ते चुकलेले नसते, त्याने ऐकले तसेच लिहिलेले असते. कोणती चूक आज दुरुस्त करायची आणि कोणती सहा महिने तशीच राहू द्यायची, हे ठरवायला शिकलेला माणूसच लागतो.

गणिताची कथा याहून गंमतीची आहे. उर्दूत अक्षरे उजवीकडून, पण संख्या डावीकडून लिहितात. त्यात बोलताना आपण एकक आधी उच्चारतो: इक्कीस, एकवीस. मूल आधी 'इक' ऐकते, म्हणून आधी 1 काढते. हात उजवीकडून चालायची सवय लागलेली, म्हणून 2 त्या 1 च्या डावीकडे पडतो आणि योगायोगाने 21 बरोबर येतो. इंग्रजीच्या तासाला तेच मूल आधी 1 काढून मग उजवीकडे 2 काढते, आणि 12 होतात. एका तासाला शाबासकी, दुसऱ्याला ओरडा! बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ दोन' अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा सगळा महाराष्ट्र हसला. विधिमंडळातही विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना खुलासे करावे लागले. ती पद्धत योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात, पण पहिली-दुसरी शिकवलेल्या माणसाला तो प्रश्न खोटा वाटला नसता.

आमच्या बी.एड.ला उर्दू आणि इतिहास या दोन अध्यापन पद्धती होत्या. पाठ टाचणे आम्ही काढली, सराव पाठ घेतले, रूसो आणि मॉन्टेसरी वाचल्या. पण हे सारे तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी होते. 21 चे 12 का होतात हे त्यात कुठे नव्हते, आणि त्या पदवीचे ते कामही नव्हते. कान-नाक-घशाचा डॉक्टर आणि बालरोगतज्ज्ञ यांत वरचा कोण, असे आपण विचारत नाही. शिक्षकांबाबत मात्र विचारतो.

तसे विचारू नये असे मानणारी माणसे आपल्यात होऊन गेली आहेत. डॉ. झाकिर हुसेन बर्लिनहून अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन 1926 मध्ये परतले, जामिया मिल्लियाची धुरा त्यांनी अत्यल्प पगारावर घेतली आणि मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. वर्ध्याच्या 1937 च्या परिषदेनंतर नयी तालीमचा आराखडा ज्या समितीने केला तिचे ते अध्यक्ष होते. त्या शाळांना शिक्षक हवेत म्हणून जामियाने 1938 मध्ये प्रशिक्षण संस्था काढली, तिचे नाव 'उस्तादों का मदरसा'. उस्तादालाही मदरसा लागतो, हे त्या नावातच आहे. दूर फिनलंडमध्ये तर 1979 पासून प्राथमिक शिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता व्हावी, आणि त्यात लहान मुलांच्या शिक्षणाचाही समावेश असावा, असे म्हटले आहे. बारावीनंतर चार वर्षे विद्यापीठात घालवून पहिलीचा वर्ग घ्यायचा, हे आमच्या भागातल्या बापाला पटवणे सोपे नाही. 'एवढं शिकून पोरं सांभाळणार?' हा प्रश्न घरातूनच येईल.

खरा नैतिक प्रश्न आम्हाला पुढेच दिसतो. दहावीचे मूल शिक्षकाची परीक्षा घेते. सरांना भूमिती येत नाही हे त्याला आठ दिवसांत कळते. ते शिकवणी लावते, पुस्तक बदलते, निदान चिडवते तरी. सहा वर्षांच्या मुलाला आपल्याला वाईट शिकवले जात आहे हे कळत नाही. आपणच 'ढ' आहोत असे त्याला वाटते, आणि तेच तो घरी सांगतो. ऊसतोडीला जाणाऱ्या त्याच्या आईबापांनाही ते पटते. म्हणून त्या मुलाच्या वतीने कोणीतरी शिक्षकाला तपासले पाहिजे. पदवी आणि पात्रता परीक्षा यांचा अर्थ आमच्या लेखी एवढाच आहे.

याच जागी राज्यात जे घडले ते फार लाजिरवाणे होते. 2019-20 च्या शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे देऊन उत्तीर्ण झालेल्या साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर 2022 मध्ये कारवाई झाली. परीक्षा परिषदेचे तेव्हाचे आयुक्तच डिसेंबर 2021 मध्ये अटकेत गेले होते. तेव्हापासून आमच्यात एक वाद चालतो. असे प्रमाणपत्र विकत घेतलेला शिक्षक पुढे मन लावून शिकवू लागला, तर त्याचा पगार हलाल की हराम? काम करण्याची लायकी असेल आणि काम चोख होत असेल तर मेहनतीचा मोबदला जायज, फसवणुकीचा गुनाह मात्र वेगळा, त्याची तौबा करावी, असे अनेक उलेमा सांगतात. फिकहच्या त्या मताशी वाद घालण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण या सवालात फक्त दोन पक्ष धरले जातात, पगार देणारा आणि घेणारा. तिसरा पक्ष बाकावर बसलेला असतो. त्याची तपासणी त्याच्या वतीने व्हायची होती, ती विकली गेली. त्याला भरपाई कोण देणार, आणि कशी? ज्यांनी जागेसाठी संस्थेला 'देणगी' मोजली त्यांनाही हा सवाल लागू आहे. आमच्याकडे त्या देणगीचा भाव चहाच्या टपरीवरही सांगितला जातो.

यावर काही बुजुर्ग बद्रची आठवण देतात. सीरतच्या ग्रंथांत रिवायत आहे की, हिजरी 2 मध्ये बद्रच्या लढाईत पकडलेल्या कैद्यांपैकी ज्यांच्याकडे फिदया द्यायला पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदीनेतल्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटून जावे, असे रसूलुल्लाह (स.) यांनी ठरवले. त्या मुलांत हजरत झैद बिन साबित (रजि.) यांचेही नाव घेतले जाते. बुजुर्ग म्हणतात, बघा, तिथे कुठे पदवी होती? खरे आहे, नव्हती. शिकवणारे तर इमानवालेही नव्हते. पण रिवायत नीट वाचली तर तिथली अट आजच्याहून कडक दिसते. दहा मुले शिकल्याशिवाय सुटका नाही. आजच्या शिक्षकाला कोणी अशी अट घातली तर संघटना रस्त्यावर येतील, आणि आम्हीही त्यात असू.

आपल्या संमेलनांत फातिमा शेख यांचे नाव आदराने घेतले जाते, सावित्रीबाईंच्या 1856 च्या पत्रात त्यांचा उल्लेख येतो. पण सावित्रीबाई वर्गावर जाण्याआधी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेऊन आल्या होत्या, हा भाग भाषणांत राहून जातो. तेव्हा ना कायदा होता, ना पात्रता परीक्षा. जोतीरावांनी 1882 मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकरी वर्गातून यावेत, नांगर धरायची त्यांना लाज वाटू नये आणि त्यांना दरमहा 12 रुपयांहून कमी पगार नसावा, असे मागितले होते. प्रशिक्षण आणि पगार या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच दमात मागितल्या. आपले सरकार पहिली गोष्ट मागते आणि दुसरीच्या जागी कंत्राटी मानधन देते.

आता प्रश्न आपल्या दारात आला आहे. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. त्या प्रकरणातला एक पक्षकार महाराष्ट्रातला, अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट. अल्पसंख्याक संस्थांना ही अट लावायची की नाही, हा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला गेला. 2014 च्या प्रमती निकालाने या संस्थांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले होते. अनुच्छेद 30 ने दिलेला संस्था चालवण्याचा हक्क आम्हाला प्रिय आहे, तो कोणी काढून घेऊ नये. पन्नाशीच्या शिक्षकाला अचानक परीक्षेला बसवणे कठोर आहे, हेही आम्ही मानतो. पण संस्थेची सूट हे मुलाच्या वाट्याला कमी येण्याचे कारण होऊ नये. पहिली ते पाचवीसाठीचा पेपर 150 गुणांचा, त्यात 30 गुण बालविकासाचे, आणि उत्तीर्ण व्हायला खुल्या वर्गाला 90. सूट असूनही आपल्या संस्थांनी आपल्या शिक्षकांना या पेपरला बसवले, उर्दूतून तयारीचे वर्ग घेतले आणि फी भरली, तर कोणताही कायदा आड येत नाही.

दसऱ्यानंतर आमच्या भागातून टोळ्या उसाला जातात. आपल्यातलीही काही कुटुंबे त्यांत असतात. काही पोरे आईबापांबरोबर फडावर जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात, तोवर 'बे'चे मधले रूप आणि 21 दोन्ही विसरलेले असतात. त्यांच्यापुढे जूनमध्ये कोणाला उभे करायचे, हा ठराव व्यवस्थापक समितीच्या एका बैठकीत होऊ शकतो. त्यासाठी दिल्लीच्या तारखेची वाट पाहावी लागत नाही.