पेटी थांबते

नवरात्रात आमच्या बेंबळीत घटासमोर आराध्यांचा मेळा बसतो, तेव्हा पेटीवर मी असतो. ४० वर्षं होत आली. माझी आई आराधी होती. मंगळवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून, परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायची. तिच्यामागं झील धरता धरताच मला सूर कळायला लागले. पेटी फार नंतर हाती आली.

दोन वर्षांपूर्वी पुतण्यानं मेळ्यात कीबोर्ड आणला. मी म्हणालो, "देवीपुढं हे नको. आपल्या परंपरेत बसत नाही." तो शांतपणे म्हणाला, "नाना, मग तुमची पेटी तरी कुठं आपली हाय?"

त्याचं खरं होतं. हार्मोनियम मूळची पॅरिसची. १८४० च्या दशकात अलेक्झांद्र देबँ या कारागिरानं ती घडवली, पायानं भाता मारायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिची हातपेटी केली आणि ती मांडी घालून बसणाऱ्यांची झाली. तिला मींड येत नाही म्हणून १९४० साली रेडिओनं तिला बाहेर काढलं; १९७१ पर्यंत ती बाहेरच होती. आक्षेप चुकीचा नव्हता. तरी गावोगावच्या भजनांनी तिला सोडलं नाही. का सोडलं नाही, याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे.

पेटीच्या त्या माहेरी, फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तिथं 'कान हा दिस्कान' नावाची जुनी गाण्याची रीत आहे. एक जण ओळ म्हणतो, तिची शेवटची अक्षरं दुसरा त्याच्याबरोबर उचलतो, मग तीच ओळ पुन्हा गातो, आणि त्यावर गाव फेर धरतं. आपली झीलच ती! दुसऱ्या महायुद्धानंतर ही रीत विझत चालली होती. १९५० च्या दशकात जाणत्यांनी तिला मंचावर आणून पुन्हा उभं केलं. पुढं अॅलन स्टिव्हेल यांच्यासारख्यांनी ब्रिटनीच्या गाण्याला इलेक्ट्रिक गिटारची जोड दिली. तिथल्या फेराच्या रात्रींना, 'फेस्ट-नोज'ना, २०१२ साली युनेस्कोनं मानवी वारशाच्या यादीत घेतलं. गिटार आली, माईक आला, तरी एकाची ओळ दुसऱ्यानं उचलायची, हे तिथं टिकून राहिलं.

गोंधळही असाच, दुसऱ्याला जागा ठेवणारा. चौक भरतात, कलश मांडतात, दिवटी पेटते, संबळ-तुणतुणं लागतं आणि गोंधळी देवांना नावानिशी हाका मारतो: तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा. हाक मारायची तर येणाऱ्याला जागा ठेवावी लागते. आपलाच आवाज भरून राहिला तर देवीनं यावं कुठं? आमची भवानीसुद्धा दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत पलंगावर निद्रा घेते. जिच्या पूजेतच विसावा आहे, तिच्यापुढच्या गाण्यात तो नसून कसं चालेल?

माझा नकार असूनही कीबोर्ड मेळ्यात वाजला, त्याच वर्षी आठव्या माळेला हे मला कळलं. गाणारी आराधीण म्हातारी होती. त्याच वर्षी तिची लेक गेली होती. गाण्यात माहेराचा उल्लेख आला आणि तिचा आवाज फुटला. ती थांबली. कीबोर्डात भरलेला ठेका मात्र चालूच राहिला. झील धरणाऱ्या बाया बावरल्या. मी पुतण्याकडं पाहिलं. त्यानं आपणहून ठेका बंद केला आणि एकच सूर दाबून धरला. मी पेटीवर तोच धरला. बऱ्याच वेळानं बायांनी धृपद उचललं, आणि म्हातारी त्यांच्या आधारानं गाण्यात परत आली.

माझा नकार त्या रात्री गळून पडला. वाद्य कुठल्या देशाचं, कातड्याचं की विजेचं, हे मी आता विचारत नाही. गाणारीचा कंठ दाटला तर ते तिच्यासाठी थांबतं का, एवढंच पाहतो. पेटी थांबत आली, म्हणून ती आपली झाली.

आता मेळ्यात कीबोर्ड असतो. ठेका संबळाकडं आहे, माणसाच्या हातात. आणि पुतण्या वाजवताना पट्ट्यांकडं बघत नाही. गाणारीच्या तोंडाकडं बघतो.