पृथेचा प्रश्न

पहाट झाली होती. कुंतिभोजाच्या महालातून एक मुलगी उगवत्या सूर्याकडे पाहत होती. नुकताच मिळालेला एक मंत्र तिच्यापाशी होता आणि मनात एकच प्रश्न होता : हा खरंच चालतो का? तिनं तो म्हणून पाहिला. मंत्र चालला. महाभारताच्या वनपर्वातली ही कथा मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा त्या मुलीच्या कोवळ्या वयापाशी थबकते.

सूर्य समोर उभा राहताच ती घाबरून म्हणते, मी केवळ कुतूहलानं बोलावलं, आता परत जा. चूक तिला त्याच क्षणी उमगली आहे. पण सूर्य ऐकत नाही. मला रिकामं पाठवलंस तर तुला शाप देईन, तुझ्या बापाला आणि मंत्र देणाऱ्यालाही जाळून टाकीन, असं तो धमकावतो. मुलगी नमते. पुढे कवचकुंडलं घेऊन जन्मलेलं बाळ, कर्ण, मेणानं बंद केलेल्या पेटीतून अश्वनदीत सोडलं जातं. चर्मण्वती, यमुना, गंगा असा प्रवास करत ती पेटी अंगदेशातल्या चंपानगरीपाशी अधिरथ आणि राधेच्या हाती लागते.

एवढ्या सगळ्याचं मूळ आपण पृथेच्या, म्हणजेच कुंतीच्या, उतावीळपणात शोधत आलो. मला ते पटत नाही. आधी मंत्र तिच्याकडे आला कसा ते पाहू. शूरसेन यादवाची ही लेक त्यानं आपल्या निपुत्रिक आतेभावाला, कुंतिभोजाला, देऊन टाकली. त्या दत्तक बापानं तिला एका कोपिष्ट तपस्व्याच्या सेवेला लावलं. आदिपर्व त्याचं नाव दुर्वास सांगतं. तो अवेळी येई, नाही नाही ते मागे. वर्षभर तिनं कुठे चूक होऊ दिली नाही. वर माग म्हटल्यावर, तुम्ही आणि वडील प्रसन्न आहात यात सगळं आलं, असं ती म्हणाली. तरी त्यानं मंत्र दिलाच, आणि शापाच्या भयानं तिला दुसऱ्यांदा नाही म्हणता आलं नाही. पुढे येणारं संकट ओळखून त्यानं तो दिला, असं आदिपर्व म्हणतं. म्हणजे मोठ्या माणसाला पुढचं दिसत होतं. आलेल्या देवाला परत कसं पाठवायचं, हे मात्र त्यानं तिला सांगितलं नाही.

जर्मन कवी गटेनं 1797 साली जादूगाराच्या शिष्यावर एक कविता लिहिली. गुरू बाहेर गेल्यावर शिष्य झाडूला पाणी भरायला लावतो, पण त्याला थांबवण्याचा शब्द विसरतो. घरभर पाणी होतं. अखेर गुरू परततो आणि झाडू कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. पृथेचा गुरू परतला नाही. मुलांच्या हाती ताकद देणारे आणि ती देऊन निघून जाणारे, यांच्यात हाच फरक आहे.

याच मंत्रानं पुढे युधिष्ठिर, भीम आणि अर्जुन जन्मले. तोच मंत्र, तीच कुंती. मग एक मूल नदीत आणि तिघं मांडीवर, असं का? दुसऱ्या वेळी तिनं नवऱ्याला, पंडूला, मंत्राबद्दल सांगितलं होतं. दोघं बोलले, कोणत्या देवाला बोलवायचं ते त्यांनी ठरवलं. पहिल्या वेळी तिच्या दाईखेरीज कुणालाही काही ठाऊक नव्हतं. मंत्रानं कर्ण दिला. तो हिरावून घेतला तो लाजेनं आणि भीतीनं. शस्त्रपरीक्षेच्या रंगभूमीवर आपले दोन मुलगे, कर्ण आणि अर्जुन, समोरासमोर आलेले पाहून ती मूर्च्छित पडते, पण बोलत नाही. युद्धाच्या तोंडावर गंगातीरी ती कर्णाला सत्य सांगते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. युधिष्ठिराला तर कर्ण आपला भाऊ होता हे त्याला पाणी देण्याची वेळ आल्यावर कळतं.

‘मृत्युंजय’ आणि ‘राधेय’ या कादंबऱ्या वाचून कर्णासाठी रडलेल्या मराठी पिढ्यांतली मीही एक. मात्र ते रडणं संपल्यावर आपण कुंतीकडे बोट दाखवतो, आणि त्या घरात तिला कुणापाशी बोलता आलं असतं, हे विचारत नाही. पृथेच्या हाती मंत्र दिला गेला, तसा आज आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती आपण फोन देतो. कळ दाबली की अनोळखी माणूस समोर येतो, आणि तो कधी पृथेच्या सूर्यासारखा जायला नकार देतो, धमकावतो. मूल फोन उशीखाली लपवतं, जेवत नाही, गप्प होतं. त्यानं कळ का दाबली, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. कळ दाबून पाहणं हे बाळपणच आहे. आपल्याकडे येऊन सांगितलं तर पहिला शब्द रागाचा असेल की जवळ घेण्याचा, हे त्या मुलाला आधीपासून ठाऊक हवं.

आश्रमवासिक पर्वात म्हातारी कुंती वनात व्यासांपुढे सगळं उघड करते आणि त्या मुलाला एकदा पाहायचं आहे म्हणते. व्यास तिला सांगतात, तुझा काही अपराध नाही. त्या रात्री गंगेतून वर आलेल्या मेलेल्या वीरांत तिला कर्ण दिसतो. व्यासांचे ते शब्द त्या पहाटे महालातलं एखादं माणूस बोललं असतं, तर पेटी नदीपर्यंत गेली नसती.