केलेले बुडू नये, न केलेले येऊ नये

धायरी फाट्यावरून सिंहगडाच्या दिशेने निघाले की खडकवासला धरणाच्या अलीकडे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचे आवार लागते. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने सुरू केलेली ही संस्था. नद्यांच्या आणि धरणांच्या लहान प्रतिकृती करायच्या, त्यांतून पाणी सोडायचे आणि काय होते ते मोजायचे, हा तिथला जुना उद्योग. १:१०० प्रमाणाच्या प्रतिकृतीत काळ दसपट वेगाने धावतो. नदीतला एक दिवस तिथे २ तास २४ मिनिटांत उरकतो. प्रवाह तर लाखपट आटतो. ३५ हजार क्युसेकचा विसर्ग म्हणजे त्या प्रतिकृतीत सेकंदाला जेमतेम दहा लिटर पाणी.

तळाशी वाळू अंथरलेली असेल, तर खरी गंमत पहिला पूर ओसरल्यावर कळते. पुलाच्या खांबाभोवती खळगा पडलेला असतो, वळणाच्या आतल्या बाजूला वाळूचा ढीग साचलेला असतो. आता दुसरा पूर सोडायचा. त्याआधी वाळू फळीने सारखी करून घ्यायची, की खळगा तसाच राहू द्यायचा? दोन पुरांची स्वतंत्र तुलना हवी असेल तर तळ सपाट करावा लागतो. जुलैच्या पुराने ऑगस्टच्या पुरासाठी काय वाढून ठेवले हे पाहायचे असेल, तर वाळूला हात लावायचा नाही.

संगणकावरही हेच चालते. गणिताचा ‘रन’ एका टप्प्यावर थांबतो, त्या क्षणीची पातळी, वेग, गाळ असे सगळे ‘रीस्टार्ट फाइल’मध्ये साठवले जाते. मग दरवाजे उघडल्याची किंवा पाऊस वाढल्याची नवी परिस्थिती घालून तिथूनच पुढचा रन सुरू होतो. पण दुसरा रन पहिल्याचाच पुढचा भाग आहे असे कशाच्या बळावर म्हणायचे? मागून पुढे नेमके काय जायला हवे?

भारतीय दर्शनांनी कर्माच्या संदर्भात हाच प्रश्न शतकानुशतके चघळला. मीमांसकांची अडचण साधी होती. यज्ञ आज संपतो, स्वर्ग मेल्यावर मिळायचा; मधल्या काळात काहीच उरत नसेल तर फळ येणार कुठून? म्हणून त्यांनी ‘अपूर्व’ नावाची न दिसणारी शक्ती मानली. बौद्धांनी कायमचा आत्मा नाकारला आणि क्षणांची अखंड संतती पुरेशी आहे असे सांगितले. त्यावर विरोधकांनी दोन दोष दाखवले. एक कृतनाश, म्हणजे केलेले वाया जाणे. दुसरा अकृताभ्यागम, म्हणजे न केलेले पदरी येणे.

रनला रन जोडणाऱ्यांना हे दोन्ही दोष छळतात. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाचा एक जुना रन मधूनच पुन्हा सुरू केला. यंत्राच्या स्मृतीत आकडा ०.५०६१२७ होता, छापील कागदावर ०.५०६. त्यांनी कागदावरचा घातला. थोडा वेळ दोन्ही रन हातात हात घालून चालले आणि मग असे फाकले की एकमेकांची ओळखही राहिली नाही. तिसऱ्या दशांशानंतरचे ‘केलेले’ बुडाले होते. दुसऱ्या दोषाचे उदाहरण त्याआधीचे. लुईस रिचर्डसन यांनी २० मे १९१० च्या हवेचे गणित हाताने मांडले आणि १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. सुरुवातीच्या नोंदींत वारा आणि दाब यांचा परस्परांशी मेळ नव्हता. परिणामी सहा तासांत दाब १४५ हेक्टोपास्कलने चढेल असे उत्तर निघाले. प्रत्यक्षात तो जवळपास हललाच नव्हता. जे वादळ निसर्गाने केलेच नाही, ते गणिताच्या पदरी आले.

अपूर्वाला तर मुठेच्या खोऱ्यात चक्क पत्ता सापडतो. जूनमधला पहिला मोठा पाऊस बराचसा जमीन पिऊन टाकते. तेवढाच पाऊस जुलैअखेर पडला तर पानशेत, वरसगाव, टेमघरकडे पाण्याचे लोट येतात. फरक धरणाच्या पातळीत दिसत नाही, तो मातीतल्या ओलाव्यात असतो. नव्या रनमध्ये फक्त पातळी नेली आणि ओलावा विसरला, की येवा हमखास कमी दिसतो.

इथवर मीमांसक आणि अभियंता एकमेकांना सामील आहेत. बौद्धांचे उत्तर पुढे नेले की वाट वेगळी होते. ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात नागसेन आंबेचोराचे उदाहरण देतो. लावलेली कोय वेगळी, चोरलेला आंबा वेगळा, असा बचाव चोर करतो. नागसेन तो मानत नाही, कारण हा आंबा त्याच कोयीतून आलेला आहे. संततीत खंड नाही, म्हणून दोष लागतो. पण रीस्टार्ट फाइल आंब्यावरून कोयीपर्यंत मागे जात नाही. धरण एकाच पातळीला आणि माती एकाच ओलाव्याला दोन वेगळ्या वाटांनी पोहोचू शकते: आठवडाभर झिमझिम पाऊस आणि बंद दरवाजे, किंवा एका रात्रीचा ढगफुटीसारखा मारा आणि उशिरा सोडलेले पाणी. पुढच्या रनला दोन्ही सारखेच. नदीकाठी राहणाऱ्याला मात्र सारखे नाहीत. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा लोकांनी विचारले ते हेच: पाणी कधी सोडले आणि आम्हाला कधी सांगितले?

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्यालाही खिंडार पाडले. तलावाची तेव्हाची पातळी आणि भगदाड कसे रुंदावत गेले एवढे मिळाले, तर पुण्यापर्यंतचा लोंढा आज संगणकावर मांडता येतो. बांधकामातला कोणता निर्णय कुणी घेतला, हे त्या गणिताला लागत नाही. शहराला ते हवे होते. त्यासाठी आधी न्या. बावडेकर आणि नंतर न्या. नाईक यांचा चौकशी आयोग नेमावा लागला.