बिल भरले म्हणजे झाले काय?

वाचकहो, धुण्याचे मशीन आता आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांत आले आहे आणि त्याचा आम्हांला आनंदच वाटतो. वर्षानुवर्षे दगडावर धुणी आपटणाऱ्या आयाबहिणींच्या कमरेला त्याने विसावा दिला. तेव्हा आमची तक्रार यंत्राविरुद्ध नाही. विचार करावयाचा आहे तो मशीनच्या पाठोपाठ घरात शिरलेल्या एका वाक्याचा : "बिल आम्ही भरतो, मग काटकसर कशाला?"

हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. ज्याने चोरी केली नाही, कोणाचे देणे बुडवले नाही, त्याच्यावर आणखी कोणते ऋण राहते?

इंदूरचेच उदाहरण घेऊ. या शहराला 1978 पासून नर्मदेचे पाणी मिळते. ते सुमारे 70 किलोमीटरवरील जलूदहून पंपांनी विंध्याचा चढ चढवून आणले जाते. नदी आणि शहर यांच्या उंचीत सुमारे 400 मीटरांचा फरक आहे. एक हजार लिटर पाणी इतके वर उचलावयाचे तर पंप कितीही उत्तम असो, एक युनिटाहून कमी विजेत ते होत नाही. प्रत्यक्षात अधिकच लागते. वरून कपडे टाकण्याचे मशीन एका धुण्याला शंभर लिटरांच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही जास्त पाणी घेते. म्हणजे बटण दाबण्यापूर्वीच आपल्या धुण्यावर वीज खर्च झालेली असते, आणि ती घरच्या वीजबिलात कोठेच दिसत नाही.

बरे, वीज तरी कोठून येते? मध्य प्रदेशाच्या विजेचा काही भाग नर्मदेवरच्याच इंदिरा सागर प्रकल्पातून येतो. त्या धरणासाठी 2004 साली हरसूद हे नांदते गाव रिकामे झाले. कित्येकांनी आपली घरे आपल्याच हातांनी पाडली.

दाविदाची गोष्ट आपण शब्बाथ शाळेत शिकवतो. बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी प्यावे असे त्याला वाटले. तीन वीर पलिष्ट्यांच्या फळीतून वाट काढून ते घेऊन आले. पण तो प्याला नाही, त्याने ते परमेश्वरापुढे ओतले. यावर मुले हमखास विचारतात, "मग पाणी वायाच गेले ना?" शिक्षकांनी या प्रश्नाला घाबरू नये. दाविदाला त्या भांड्यात नुसते पाणी दिसले नाही, जिवावर उदार होऊन ते आणणारी माणसे दिसली. तो त्यांचा पुढारी होता, त्याला कोणाचे बिल चुकवावयाचे नव्हते. तरी ते आपलेच समजून घटाघटा पिणे त्याला जमले नाही.

कोणी म्हणेल, आम्ही दोन बादल्या वाचवल्या म्हणून हरसूद पुन्हा उभे राहणार काय? मुळीच नाही. काटकसरीने ते ऋण फिटते असे आमचे म्हणणे नाही. पण न फिटणारे ऋण आणि नसलेले ऋण यांत फरक आहे, आणि उधळणारा मनुष्य तो फरक पुसून टाकतो.

आता मशीनकडे वळू. दोन सदऱ्यांसाठी ते चालवू नये. कपडे साठू द्यावेत. मात्र कोंबूही नयेत, वर हात फिरेल इतकी जागा ठेवावी. पावडर जास्त घातल्याने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, फेस मात्र होतो आणि तो काढण्यासाठी आणखी एकदा खळबळावे लागते. ज्या मशीनमध्ये पाणी तापते तेथे खरा खर्च तापवण्याचाच. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यावयास सुमारे 0.6 युनिट लागते. 40 अंशांपर्यंत त्याच्या निम्म्याहूनही कमी. रोजच्या कपड्यांना थंड पाणी पुरते. आजाऱ्याच्या चादरी आणि बाळाची दुपटी यांना मात्र गरम पाणी खुशाल वापरावे, तेथे हात आखडू नये. वाळवण्याचे काम उन्हावर सोपवावे. शेवटचे खळबळलेले पाणी फरशीला चालते.

काही घरांत याच काटकसरीच्या नावाने मशीनवर विणलेला रुमाल अंथरून ठेवतात आणि सुनेला मोरीत बसवतात. वाहत्या नळाखाली धुतले तर पाणी काही कमी लागत नाही, आणि तिच्या पाठीचा हिशेब कोणत्याच बिलात येत नाही. अशा घरी आमचे एवढेच सांगणे : रुमाल काढा, मशीन लावा, आणि कपडे वाळत घालावयास सासऱ्यांनी उठावे.