परक्याचा अपराध

समजा, कासारवाडी स्थानकावर मध्यरात्री एक परप्रांतीय मजूर उतरला. चाकणच्या कारखान्यात नेणारा मुकादम सकाळी नाशिक फाट्यावर भेटावयाचा. तोवर गाठोडे उशाशी घेऊन तो रस्त्याकडेला पडतो. आमच्या राज्याचा १९५९ सालचा भिक्षाप्रतिबंधक कायदा केवळ हात पसरण्यालाच भीक म्हणत नाही. निर्वाहाचे साधन दिसत नसता, भिकेवर जगत असावा असे वाटण्याजोग्या स्थितीत उघड्यावर राहणे, हेही तीत येते. अशास पोलिसाने वॉरंटावाचून धरावे, आणि पहिल्याच खेपेस १ ते ३ वर्षे कोंडता यावे!

साधन मजुराच्या मनगटांत आहे. ते दिसत नाही हा दोष त्याचा, की पाहणाराचा? गावचा मनुष्य असा निजला तर 'अमक्याचा मुलगा' म्हणून कोणी तरी ओळखतो. परक्याला ओळखणारे कोणी नाही, एवढाच काय तो त्याचा अपराध, असे आम्हांस वाटते.

मुलांना भिकेस लावणाऱ्या टोळ्यांचे काय, असे कोणी विचारील. त्यांच्यासाठी त्याच कायद्यात निराळे कलम आहे; ते खुशाल राहावे. दिल्लीने हा कायदा आमच्याकडूनच उसना नेला होता. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ साली भीक हा गुन्हा ठरविणारी कलमे रद्द केली, ते कलम मात्र ठेवले. आमच्या विधिमंडळाने तरी न्यायालयाच्या हुकुमाची वाट का पाहावी?