मित्राचा हक्क



मित्र चुकतो आहे हे दिसत असताना गप्प बसणे ही निष्ठा की प्रतारणा? चूक उघड पापाची असेल, तर उत्तर सोपे आहे. परंतु मित्र सत्कर्मातच मर्यादा ओलांडत असेल, तर? इबादतीत बुडालेल्या माणसाला 'थांब' म्हणायला जीभ धजावत नाही.

हिजरतीनंतर (इ. स. 622) प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेत सहाबांमध्ये बंधुत्वाची नाती जोडली. मूळचे इराणचे हजरत सलमान फारसी (रजि.) आणि अन्सारांपैकी हजरत अबू दरदा (रजि.) अशाच नात्याने भाऊ झाले. सहीह बुखारीत त्यांचा प्रसंग आला आहे. सलमान भेटीस गेले, तेव्हा अबू दरदांच्या पत्नी अगदी साध्या, विटक्या वेषात दिसल्या. विचारता कळले, की पतीला संसारात रसच उरलेला नाही. अबू दरदांनी पाहुण्यापुढे जेवण ठेवले. स्वतःला रोजा होता. सलमान म्हणाले, तुम्ही जेवल्याशिवाय मी घास घेणार नाही. रात्री ते नमाजला उठू लागले, तेव्हा सलमानांनी दोनदा त्यांना झोपायला लावले. रात्रीच्या अखेरच्या प्रहरी मात्र स्वतःच उठवले आणि दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग सांगितले, की तुमच्यावर पालनकर्त्याचा हक्क आहे, तसाच तुमच्या जिवाचा आणि घरच्यांचाही आहे. ज्याचा हक्क त्याला द्या. अबू दरदांनी ही गोष्ट प्रेषितांच्या (स.) कानी घातली. त्यांनी सलमान खरे बोलल्याचा निर्वाळा दिला.

येथे कोणी विचारील, की ही दुसऱ्याच्या घरात ढवळाढवळ नव्हे काय? कुरआनने तर सूरह हुजुरातमध्ये इतरांची गुपिते धुंडाळण्यास मनाई केली आहे. मात्र सलमानांनी काहीही धुंडाळले नाही. पाहुणा म्हणून जे समोर दिसले, त्याकडे डोळेझाक केली नाही, एवढेच. त्यांनी चारचौघांत उपदेशही केला नाही. ते एका ताटावर बसले, एका छपराखाली राहिले आणि योग्य वेळ येताच नमाजलाही सोबत उभे राहिले. सांगण्याचा अधिकार त्यांनी असा सोबतीने मिळवला. अबू दरदांचे मोठेपणही तेवढेच. मित्राचा शब्द त्यांना बोचला असेल, तरी त्यांनी तो टाकला नाही.

अरबीत मित्राला 'सदीक' म्हणतात आणि सत्याला 'सिद्क'. दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत. सूरह अस्रच्या अवघ्या तीन आयतींत तोट्यातून वाचणाऱ्यांची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत एकमेकांना सत्याची आणि संयमाची ताकीद देणे हेही आहे. सत्य सांगणाऱ्याला संयम का हवा, हे मित्राला कधी कटू बोललेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आज आपल्या ओळखीचा एखादा भाऊ दीनच्या कामात दिवसरात्र गुंतलेला असतो. त्याच्या आईचे औषध संपलेले असते, मुलांच्या फीची तारीख उलटलेली असते. आपण मात्र 'माशाअल्लाह' म्हणून पुढे जातो. दुसरा दुकानाच्या गल्ल्यात इतका हरवतो, की त्याची जुमाही सुटते. आपण म्हणतो, त्याचे तो पाहील. या गप्प राहण्याची किंमत अखेर त्यांच्या घरची माणसे मोजतात.

आपल्याला असा एखादा सलमान लाभला आहे का, हे पाहावे. आणि लाभला असेल, तर तो बोलू लागताच आपण विषय बदलतो का, हेही पाहावे.

अल्लाह आपल्याला सत्य सांगणारे मित्र आणि ते ऐकणारे हृदय देवो. आमीन.